लोकप्रतिनिधींचा खाडा

दूधवाल्याच्या हिशेबाचा कागद ज्या घराच्या भिंतीवर टांगलेला असतो, त्या घरांतील लहान मुलासहि खाडा म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. ज्या दिवशीं रतीब आला नाहीं त्या दिवसावर फुली. महिनाअखेर जितक्या फुल्या तितक्या दिवसांचे पैसे वजा. मोलकरणीच्या, गिरणी-कामगाराच्या आणि गवंड्याच्या हाताखालील बिगाऱ्याच्या बाबतींत हाच न्याय याहून कठोरपणें चालतो. माझ्यासारख्या अध्यापकाच्या वांट्यास आला म्हणजे त्यास 'बिनपगारी रजा' असें सभ्य नांव मिळतें, वस्तु तीच. कांहीं दिवसांपूर्वीं वर्गांत अमेरिकेची राज्यघटना शिकवीत असतां मागच्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कायदे करणारांचा खाडा कोण धरतो?" वर्ग हंसला. मीहि हंसलों, आणि घंटा झाल्याचें निमित्त करून सुटलों. पण प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरीं आला.

प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. बिगाऱ्याचा खाडा मुकादम धरतो आणि माझा महाविद्यालयाचें कार्यालय. परंतु जो कायदा करतो आणि आपलें वेतन त्याच कायद्यानें आपणच ठरवितो, त्याचा मुकादम कोण? त्याच्याच सभागृहानें गैरहजिरीबद्दल त्याचें वेतन कापलें तर तें राज्यघटनेस धरून होईल काय? आणि उद्यां बहुमताच्या पक्षानें हाच चाबूक अल्पमताच्या पाठीवर ओढला तर त्यास आडवें कोण येणार?

या गोष्टीचें मूळ अमेरिकेहून पुष्कळ जुनें आहे. इंग्लंडांत चौदाव्या शतकांतच परगण्याच्या वतीनें पार्लमेंटांत बसणाऱ्या सरदारास रोज ४ शिलिंग व शहरांच्या प्रतिनिधींस रोज २ शिलिंग असा दर ठरून गेला होता. हा रोजमुरा राजाच्या खजिन्यांतून येत नसे. ज्या गांवानें माणूस धाडला त्यानेंच तो भरावयाचा. प्रवास दूरचा, लंडनचा खर्च मोठा, घरच्या शेतीवाडीची काळजी मागें लागलेली. तेव्हां अधिवेशन संपण्याची वाट न पाहतां सभासद हळूच काढता पाय घेत. यावर १५१५ सालीं, आठव्या हेन्रीच्या अमदानींत, असा कायदा झाला कीं, सभापतीची व सभागृहाची परवानगी घेतल्यावांचून, आणि ती चिटणिसाच्या वहींत नोंदविल्यावांचून, जो सभासद निघून जाईल तो आपल्या रोजमुऱ्यास मुकेल आणि त्याचा परगणा किंवा शहर तो देण्याच्या बंधनांतून मोकळें होईल. म्हणजे प्रतिनिधि पळाला तर गांवकऱ्यांचे पैसे वांचावयाचे! अशा दंडाची धास्ती प्रतिनिधीस किती वाटली असेल कोण जाणे. गांवकऱ्यांस मात्र तो फारसा नावडला नसावा.

पुढें रोजमुऱ्याची चालच मावळत गेली. हल शहराचा प्रतिनिधि, कवि अँड्र्यू मार्व्हेल, हा असा रोजमुरा घेणाऱ्या अगदीं शेवटच्या सभासदांपैकीं एक मानला जातो. तो १६७८ सालीं वारला. त्यानंतर घोडा गेला आणि लगाम खुंटीवर राहिला. वेतनच नाहीं तेथें वेतनाची जप्ती कसली? त्याचें फळ मात्र इंग्लंडास दीर्घकाळ भोगावें लागलें: ज्याच्या घरीं पिढीजात उत्पन्न आहे त्यानेंच पार्लमेंटांत जावें असा प्रघात पडला. १८३८ सालीं चार्टिस्टांनीं जी सहा मागण्यांची सनद पुढें मांडली तींत सभासदांस वेतन द्यावें ही एक मागणी होती. ती पदरांत पडावयास १९११ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं वार्षिक ४०० पौंड ठरले. दंडाचा विचार करतांना हा इतिहास दृष्टीआड करूं नये. वेतन हें गरिबाच्या प्रतिनिधित्वाचें साधन आहे, आणि तें कापण्याची सुरी गरीब सभासदासच लागते. धनिकास तिची धार जाणवतहि नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. स्वातंत्र्ययुद्धानंतर तेथें जें जुनें, सैल असें संयुक्त शासन होतें, त्यांत काँग्रेसच्या सभासदांस ज्याचें त्याचें संस्थान वेतन देई. (काँग्रेस या शब्दानें आमच्या वाचकांपुढें एक राजकीय पक्ष उभा राहतो, येथें अर्थ अमेरिकेचें विधिमंडळ एवढाच.) परिणाम व्हावयाचा तोच झाला. १७८३ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथें इंग्लंडशीं तह झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यावर ज्यानें शिक्कामोर्तब व्हावयाचें तो हा तह. त्याच्या मान्यतेस नऊ संस्थानांचे प्रतिनिधि हजर हवे होते आणि मान्यतेच्या प्रती सहा महिन्यांच्या आंत परत पोंचावयाच्या होत्या. अॅनापोलिस गांवीं भर हिंवाळ्यांत काँग्रेस नऊ संस्थानांची वाट पाहत बसली. अखेर १७८४ च्या जानेवारीच्या १४ तारखेस कसाबसा आंकडा जुळला व तह मान्य झाला. ज्या स्वातंत्र्यासाठीं लोक आठ वर्षें लढले, त्याचा कागद सभासदांच्या खाड्यापायीं अडून राहिला होता! नवी राज्यघटना अमलांत आली तेव्हांहि स्थिति फारशी पालटली नव्हती. ४ मार्च १७८९ रोजीं नवीन काँग्रेस भरावयाची होती. प्रतिनिधिगृहाचा कोरम झाला १ एप्रिलला आणि सेनेटचा ६ एप्रिलला.

तेव्हां घटनाकारांनीं गैरहजिरीचा विचार केला नसेल असें कोणी म्हणूं नये. तिचे चटके त्यांनीं स्वतः सोसले होते. पहिल्याच प्रकरणाच्या पांचव्या कलमांत त्यांनीं लिहून ठेवलें कीं, कोरमाहून थोडे सभासद जमले असले तरी त्यांस गैरहजर सभासदांना सक्तीनें बोलावतां येईल, आणि तें कोणत्या रीतीनें व कोणत्या दंडाच्या धाकानें हें प्रत्येक सभागृहानें ठरवावें. लगेच पुढील कलमांत, सभासदांस त्यांच्या सेवेबद्दल कायद्यानें ठरेल तें वेतन राष्ट्राच्या तिजोरींतून मिळेल, असें म्हटलें आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. न्यायाधीशांचें वेतन ते पदावर आहेत तोंवर कमी करतां येणार नाहीं, आणि राष्ट्राध्यक्षाचें त्याच्या मुदतींत वाढवितांहि येणार नाहीं व घटवितांहि येणार नाहीं, असें याच घटनाकारांनीं स्पष्ट लिहिलें. सभासदांच्या वेतनाभोंवतीं मात्र त्यांनीं असें कुंपण घातलें नाहीं. विसर पडला म्हणावें, तर तीं वाक्यें लिहिणारे हात तेच होते.

पहिल्या काँग्रेसनें २२ सप्टेंबर १७८९ रोजीं वेतनाचा कायदा केला. त्याअन्वयें सभासदास, तो हजर राहील त्या प्रत्येक दिवसाचे ६ डॉलर मिळावयाचे. शिवाय दर वीस मैलांच्या प्रवासास ६ डॉलर. आजारानें वाटेंत अडकला किंवा सभागृहांत येऊं शकला नाहीं, तर रोजमुरा चालू. सारांश, आरंभीं खाडा निराळा धरावाच लागत नव्हता. हजेरी हेंच वेतनाचें माप होतें. आतां गंमत अशी कीं, या कायद्यानंतर अवघ्या तीन दिवसांनीं, २५ सप्टेंबर रोजीं, याच सभागृहांनीं मॅडिसननें मांडलेल्या घटनादुरुस्त्या संस्थानांकडे पाठविल्या. त्यांत एक अशी होती कीं, सभासदांच्या वेतनांत फरक करणारा कोणताहि कायदा मध्यें प्रतिनिधिगृहाची निवडणूक होऊन गेल्याखेरीज अमलांत येऊं नये. सभासदांनीं आपल्या हातानें आपली ओंजळ भरून घेणें मॅडिसनला अशोभनीय वाटे. त्यावर हा उपाय. ज्या लोकांनीं मंगळवारीं ठरविलें कीं गैरहजर राहील त्यास त्या दिवसाचे पैसे नाहींत, त्यांनींच त्या आठवड्यांत 'वेतनांत फरक करूं नये' अशी दुरुस्ती लिहिली. तेव्हां खाड्यामुळें पदरांत कमी पडणारी रक्कम म्हणजे 'वेतनांतील फरक', असा अर्थ त्यांच्या मनांत असणें शक्य दिसत नाहीं. दर ठरविणें ही एक गोष्ट आणि ठरलेल्या दरानें हिशेब करणें ही दुसरी. माझ्या मतें सगळ्या वादाची किल्ली या तीन दिवसांत आहे.

ही दुरुस्ती त्या वेळीं पुरेशा संस्थानांनीं मान्य केली नाहीं, आणि ती पडून राहिली. मध्यंतरीं १८१६ सालीं काँग्रेसनें रोजमुरा मोडून वर्षास १५०० डॉलरचा ठोक पगार घेतला. बाजू अगदींच लंगडी नव्हती: रोजावर काम असलें म्हणजे काम लांबतें हा अनुभव घर बांधणाऱ्या प्रत्येकास आहे, आणि रोजावर बसलेली काँग्रेस लवकर उठेल ही आशा व्यर्थच होती. पण नवा पगार चालू काँग्रेसलाच, तोहि मागील तारखेपासून, लागू केला होता. देशभर असा कल्लोळ उडाला कीं, पुढील निवडणुकींत प्रतिनिधिगृहाचे सुमारें दोनतृतीयांश सभासद घरीं बसले. हेन्री क्ले सारखा मातब्बर पुढारीहि महत्प्रयासानें तरला. कायदा रद्द झाला, आणि १८१८ त पुनः रोजमुरा आला, मात्र आतां ८ डॉलरांचा.

रोजमुरा कायमचा गेला तो १८५६ त. त्या वर्षीं दोन वर्षांच्या काँग्रेसला ६००० डॉलर, म्हणजे सालास ३०००, असा पगार ठरला. आणि ठोक पगाराबरोबर खाड्याचें कलमहि आलें. १६ ऑगस्ट १८५६ चा हा कायदा म्हणतो कीं, सभासद जितके दिवस गैरहजर राहील तितक्या दिवसांचें वेतन अधिकाऱ्यानें त्याच्या मासिक रकमेंतून कापावें. अपवाद एकच, स्वतःचें किंवा कुटुंबांतील कोणाचें आजारपण. मतदारांची भेट, पक्षाची सभा, मुलीचें लग्न, कांहींहि चालावयाचें नाहीं. १८६२ त, यादवी युद्ध चालू असतांना, त्यांत भर पडली: रजेवांचून जो जागा सोडून जाईल व अधिवेशन संपेपर्यंत परतणार नाहीं, त्याच्याकडून घरीं परतण्याच्या भत्त्याइतकी रक्कमहि जावी. वाचणारास वाटावें कीं आतां काँग्रेसचीं बांकें भरून वाहूं लागलीं असतील. तसें कांहीं झालें नाहीं. कलम कागदावर राहिलें, कारण तें अमलांत आणावयाचें त्या अधिकाऱ्याचे धनी तेच सभासद होते.

तें कलम फडताळांतून बाहेर निघालें तें पक्षांच्या झुंजींत, आणि ती हकीकत थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. त्या काळीं अल्पमताच्या पक्षाची एक युक्ति असे. सभासद आपल्या जागेवर बसून राहत, पण नांव पुकारलें असतां मुके होत. मतें मोजलीं कीं कोरम भरत नसे आणि काम बंद पडे. २९ जानेवारी १८९० रोजीं सभापति टॉमस रीड यानें मुक्या बसलेल्या सभासदांचीं नांवें स्वतः घेऊन त्यांस 'हजर' म्हणून लिहावयास लावलें. एकच गदारोळ माजला. केंटकीचा एक सभासद उठून म्हणाला कीं, मला हजर मोजण्याचा सभापतीस अधिकार नाहीं. रीडनें थंडपणें उत्तर दिलें कीं, मी एक वस्तुस्थिति सांगत आहें. आपण हजर आहांत हें आपणांस नाकबूल आहे काय? हजर राहून 'मी हजर नाहीं' असें ओरडणें कोणासहि कठीणच! १८९२ सालीं बॅलिनच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही मोजणी मान्य केली: घटनेच्या मर्यादा सांभाळून आपले नियम कसे करावे हें सभागृहाचें काम आहे.

पण रीडचा पक्ष हरला होता. नवा सभापति क्रिस्प हा १८९० त रीडशीं हिरीरीनें भांडलेला. त्याच्या पक्षानें रीडची मोजणी काढून टाकली. आतां रीड अल्पमतांत गेला, आणि त्यानें आपल्या लोकांस मुकें बसविलें. क्रिस्पच्या पक्षाजवळ सभासद रग्गड, पण ते घरोघरीं. १८९४ च्या वसंतांत कोरमावांचून काम इतकें अडलें कीं, सभागृहानें १८५६ च्या कलमावरील धूळ झटकून खरोखरच पगार कापावयास सुरुवात केली, आणि एप्रिलांत रीडचीच मोजणी निमूटपणें स्वीकारली. पुढें १९१४ सालींहि हें कलम एकदां असेंच उगारण्यांत आलें. या दोन प्रसंगांकडे पाहिलें म्हणजे एक विसंगति डोळ्यांत भरते: खाड्याचें कलम घरीं राहिलेल्यास पकडतें, पण बांकावर बसून मूग गिळणाऱ्यास पुरा पगार मिळतो. वर्गांत देहानें उपस्थित असलेले विद्यार्थी मीं तीस वर्षें पाहिले आहेत. आणि कांहीं दिवस तर, खरें सांगावयाचें तर, अध्यापकहि.

आतां त्या पडून राहिलेल्या दुरुस्तीकडे. १९८२ सालीं टेक्सस विद्यापीठांतील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्यानें असा निबंध लिहिला कीं, या दुरुस्तीस मुदत घातलेली नाहीं, सबब ती अजून जिवंत आहे. शिक्षकांनीं त्यास 'सी' श्रेणी दिली. वॉटसन चिडला, आणि एकेका संस्थानाच्या विधिमंडळास पत्रें धाडीत सुटला. ७ मे १९९२ रोजीं मिशिगननें संमति दिली आणि मॅडिसनचें वाक्य २०२ वर्षांनंतर घटनेचा सत्ताविसावा भाग झालें. २०१७ त विद्यापीठानें ती श्रेणी 'ए' केली. आमच्या व्यवसायांतील मंडळींनीं ही हकीकत परीक्षेचे पेपर तपासावयास बसण्यापूर्वीं वाचावी.

या दुरुस्तीनें जुना प्रश्न नव्या रूपानें उभा केला. १८५६ चें कलम कोणी आज अमलांत आणलें तर त्यास बाध नाहीं, असें मी समजतों. त्या कायद्यानंतर निवडणुका शेंकड्यानें मोजाव्या इतक्या नसल्या तरी पुष्कळच होऊन गेल्या आहेत, आणि प्रत्येक सभासद तें कलम डोक्यावर घेऊनच निवडून येतो. उलट, आज नवा कायदा करून उद्यांपासून पगार कापूं लागणें या दुरुस्तीस सरळ विरोधी होईल. २०१३ त 'अंदाजपत्रक नाहीं तर पगार नाहीं' असा कायदा करतांना काँग्रेसनें म्हणूनच पगार कापला नाहीं. तो कांहीं काळ, फार तर त्या काँग्रेसच्या अखेरपर्यंत, अडकवून ठेवण्याची तजवीज केली. तिसरी वाट सभागृहाच्या स्वतःच्या नियमाची. नियम म्हणजे कायदा नव्हे, सबब दुरुस्ती त्यास लागू नाहीं, असें म्हणणारे आहेत. मला ही पळवाट पटत नाहीं. दोन्ही सभागृहांस व राष्ट्राध्यक्षास मिळून जें करण्याची मनाई, तें एकट्या सभागृहास करतां यावें, हा न्याय विचित्र आहे. गैरहजिरीपुरता मात्र सभागृहाचा हात मोकळा आहे, कारण पांचव्या कलमांत 'गैरहजर सभासद' आणि 'दंड' हे दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं बसलेले आहेत.

न्यायालयांनीं हा गुंता सोडविण्याचें शक्यतों टाळलें आहे. २०२१ सालीं प्रतिनिधिगृहानें साथीच्या काळांत मुखपट्टी न लावणाऱ्या सभासदांस पहिल्या खेपेस ५०० व पुढें २५०० डॉलर दंड ठेवला आणि तो पगारांतून वळता केला. मॅसी व इतर दोघे सभासद सत्ताविसाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन न्यायालयांत गेले. २०२२ त खालच्या व २०२३ त वरच्या न्यायालयानें, सभागृहांतील कार्याबद्दल बाहेर जाब विचारतां येत नाहीं या घटनेच्या तत्त्वावर खटला काढून टाकला. सर्वोच्च न्यायालयानेंहि २०२४ त तो ऐकण्याचें नाकारलें. दंड घटनेस धरून होता कीं नव्हता, हें सांगितलेंच गेलें नाहीं.

इंडियाना संस्थानांतील प्रकार तर आपल्या विषयाच्या अगदीं गाभ्यांतला. तेथील डेमोक्रॅट सभासद २०११ त कामगारसंघांविरुद्धच्या एका विधेयकास अडविण्यासाठीं कोरम मोडून शेजारच्या इलिनॉय संस्थानांत पांच आठवडे जाऊन राहिले. पुढच्या वर्षीं तोच प्रयोग झाला तेव्हां बहुमतानें दररोज १००० डॉलर दंड बसवून तो वेतनांतून कापला. २०१३ त त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, घटनेनें हा अधिकार विधिमंडळासच दिला आहे. त्यांतील भांडण आमच्यापुढें आणूं नये. ही युक्ति कांहीं नवी नाहीं. १८४० सालीं इलिनॉयमध्यें कोरम मोडण्यासाठीं एक तरुण सभासद खिडकींतून उडी टाकून पळाला होता. उडी फुकट गेली, कारण त्याची हजेरी आधींच लागली होती. त्याचें नांव अब्राहम लिंकन.

माझें मन येथें दोन ठिकाणीं ओढलें जातें. जो मासेमारीस जातो त्याचा खाडा धरावा, यांत दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु जो उघडपणें, मतदारांस सांगून, एका विधेयकाच्या वाटेंत आडवा पडण्यासाठीं बाहेर बसतो, त्याची गैरहजिरी ही त्याच्या सेवेचाच एक प्रकार आहे असें तो म्हणेल, आणि तें सर्वस्वी खोटें नाहीं. त्यानें किंमत मोजूं नये असें मी म्हणत नाहीं. एका दिवसाचें काम नाहीं तर एका दिवसाचें वेतन नाहीं, ही किंमत रास्त आहे. पण एका दिवसाच्या वेतनाहून अधिक जें जाईल तो खाडा राहिला नाहीं. तो दंड झाला, आणि तो ठरविणारा हात प्रतिपक्षाचा असतो. १७८९ चा कायदा व १८५६ चें कलम या रेषेच्या अलीकडे आहेत. इंडियानाचे हजार डॉलर मला पलीकडे वाटतात. ऑरेगन संस्थानांतील मतदारांनीं २०२२ त निराळाच मार्ग काढला: विनापरवानगी दहा गैरहजिऱ्या झाल्या कीं पुढच्या वेळीं उमेदवारीच नाहीं. २०२४ त तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो नियम उचलून धरला, आणि दहा सेनेटर त्यांत सांपडले. या शिक्षेपुढें श्रीमंत व गरीब सारखे, एवढें तिच्या बाजूनें म्हणतां येईल.

आमच्या घटनेनें वेतनास हात न लावतां जागेस हात घातला आहे. १०१ व्या अनुच्छेदाप्रमाणें परवानगीवांचून ६० दिवस गैरहजर राहणाऱ्या संसद-सदस्याची जागा सभागृहास रिकामी झाल्याचें जाहीर करतां येतें. त्यांतहि सभागृह सलग चार दिवसांहून अधिक तहकूब असेल तर ते दिवस धरावयाचे नाहींत. दैनिक भत्ता मात्र हजेरीच्या वहींतील सहीशीं बांधलेला आहे. सही केल्यानंतर किती वेळ बसावें, याविषयीं वही मुकी आहे.

पुढच्या तासाला मीं १८५६ चें तें कलम वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलें. ज्यानें प्रश्न विचारला होता तो क्षणभर थांबून म्हणाला, "घरच्या माणसाच्या आजाराबद्दल डॉक्टरचा दाखला लागतो काय?" मीं कलम पुनः पाहिलें. दाखल्याचा उल्लेख नाहीं. सभासदानें तसें कारण सांगावें, एवढेंच लिहिलें आहे.